मुरूम कोणाचा?

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर मी सकाळी साडेसहापासून उभा होतो. मोटार रॅली होती. गावाच्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाला लाल-पांढरी फीत बांधलेली, फितीपाशी शिट्टी घेतलेला एक कॉलेजातला मुलगा आणि फितीच्या अलीकडे मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेला एक दूधवाला. "किती वेळ?" त्यानं विचारलं. "काका, अकरापर्यंत बंद आहे." काकांनी घड्याळ पाहिलं, कॅनच्या पत्र्याला तळवा लावून पाहिला आणि गाडी स्टँडवर लावली. मग गाड्या सुटल्या. पहिल्या तीन गाड्या त्यांनी आमच्याइतक्याच तोंड उघडं टाकून पाहिल्या. चौथी गेली, धुरळा बसला, तेव्हा वाकून वळणावरची उखडलेली खडी बघत ते म्हणाले, "पळतात मात्र भारी. पण मुरूम कोण टाकणार आता?"

शिट्टीवाला हसला. मीही हसलो. आता वाटतं, त्या दिवशी मैदानात विचारला गेलेला शहाणा प्रश्न तेवढा एकच होता.

तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवतो केनियातल्या सफारी रॅलीवरून. रॅलीच्या जागतिक अजिंक्यपदाची जी मालिका असते, तिच्यातली ही एक फेरी. योगायोग असा की केनियात कच्च्या रस्त्याला 'मरम रोड' म्हणतात. हा मरम म्हणजे आपला मुरूमच. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतून तो समुद्रापार गेला आणि तिकडेच रुळला. पावसात गाड्या जिच्यात रुततात त्या काळ्या चिकट मातीला तिथे 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात, म्हणजे आपली कापसाची काळी माती. पाऊस पडल्यावर ती चाकाला कशी धरते हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तेव्हा देश परका असला तरी माती ओळखीची आहे.

रॅली हा मोटारींच्या शर्यतींमधला विचित्र प्रकार. फॉर्म्युला वनला बहुधा स्वतःचं ट्रॅक लागतं, कुंपण लागतं. रॅलीला दुसऱ्याचा रस्ता लागतो. गुरुवार ते रविवार असा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम. त्यात ठरावीक तुकडे, म्हणजे स्टेज, वाहतुकीला बंद करतात आणि गाड्या एकामागून एक घड्याळाविरुद्ध सोडतात. एका स्टेजहून दुसऱ्या स्टेजला जाताना मात्र हेच जगज्जेते साध्या रस्त्यानं, ट्रकच्या मागे, वेगमर्यादा पाळत जातात. म्हणून या गाड्यांना नंबरप्लेट असते. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर आधी रेकीत, म्हणजे रस्त्याच्या पाहणीत, लिहून काढलेलं प्रत्येक वळण वाचून दाखवतो आणि चालवणारा दिसण्याआधीच वळतो. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत तर पहिल्या दिवशी अजिंक्यपदाच्या यादीत पुढे असणाऱ्याला पहिलं सोडतात. तो बिचारा सुटी खडी झाडत जातो आणि मागच्यांना स्वच्छ रस्ता मिळतो. जगातला सगळ्यात महागडा झाडूवाला म्हणा. त्याच स्टेजवरून दुपारी दुसरी फेरी होते तेव्हा चित्र उलटं झालेलं असतं: सकाळच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, तळचे दगड वर आलेले असतात आणि चाकोरीबाहेर जाणं हे इथे धाडस नसून बहुधा टायर फोडून घेणं असतं.

एवढं सांगण्याचं कारण, या खेळात रस्ता ही पार्श्वभूमी नाही. खेळणाऱ्यांइतकाच तो खेळतो, मार त्यालाच सगळ्यांत जास्त बसतो आणि बक्षीस समारंभात त्याचं नाव कोणी घेत नाही. माझं म्हणणं या एका गोष्टीभोवतीच आहे. जागतिक अजिंक्यपदाची रॅली सरकारी पैशानं भरवायची असेल, तर ती सरकारी रस्त्यावर भरवावी आणि जाताना तिनं तो रस्ता आधीपेक्षा चांगला करून जावं. हे जमत नसेल तर ज्याची जमीन त्यानं आणि ज्याचा धंदा त्यानं खर्च करावा.

सफारीचा जन्म १९५३ चा. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाप्रीत्यर्थ केनिया, युगांडा आणि टांगानिका या तीन वसाहतींतून गोऱ्या हौशी मंडळींनी काढलेली ती मोटारयात्रा, नावही 'ईस्ट आफ्रिकन कॉरोनेशन सफारी'. साहेबाच्या हौसेत गावाला काय मिळालं, असं कोणी विचारेल. पण गंमत अशी की साहेबाची ही हौस फार लवकर लोकांच्या हातात आली. १९६५ साली ती जिंकली केरिचोत जन्मलेल्या जोगिंदर सिंग नावाच्या सरदारजीनं. मूळचा मेकॅनिक, भाऊ जसवंत शेजारच्या सीटवर, गाडी वापरलेली व्होल्वो. पुढे १९७४ आणि १९७६ लाही तोच जिंकला. शेखर मेहता युगांडातला. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं आणि १९७३ मध्ये, केनियात आसरा घेतलेल्या या माणसानं सफारी जिंकली; तीही दुसऱ्या स्पर्धकाशी गुणांची बरोबरी होऊन, नियमातल्या बारीक कलमावर. मग १९७९ ते १९८२ सलग चार वेळा. आपल्याकडे क्रिकेटखेरीज खेळाडू लक्षात ठेवायची पद्धत नाही, नाहीतर हे दोघे शाळेच्या पुस्तकात असते.

त्या काळची सफारी पाच हजार किलोमीटरच्या घरात जायची, बहुधा ईस्टरला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. रस्ते बंद नसायचे. समोरून बस यायची, गुरं यायची, कधी जिराफ. मोठ्या कंपन्यांची हेलिकॉप्टरं पुढे उडून वायरलेसवर 'ट्रक येतोय' म्हणून कळवायची. १९६३ आणि १९६८ या दोन्ही वर्षी शेवटपर्यंत पोचल्या फक्त सात-सात गाड्या. चिखलात रुतलेली गाडी ढकलायला अख्खं गाव यायचं. कोणी हौसेनं, कोणी चार शिलिंगांसाठी. ढकलणाऱ्याच्या अंगावर चाकाचा चिखल उडायचा आणि गाडी निघाली की मागे टाळ्या. वेडेपणाच होता तो. आज कोणी उघड्या रस्त्यावर ताशी दीडशेनं गाडी सोडायची परवानगी मागितली तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवावं लागेल. जुन्या सफारीच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती: ज्या रस्त्यावरून रॅली जायची तो कोणाच्यातरी रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता होता. रॅली येणार म्हटल्यावर तिथे ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरायचा आणि ग्रेडर फिरला की त्या हंगामात बाजाराची बसही थोडी बरी धावायची.

२००२ नंतर सफारी जागतिक मालिकेतून बाहेर पडली. पैसा, संघटन, सुरक्षितता, सगळीकडूनच तिचं गणित बिघडलं होतं. १९ वर्षांनी, २०२१ मध्ये ती परत आली. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांनी ती प्रतिष्ठेची बाब केली होती, खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलला आणि करार २०२६ पर्यंतचा झाला. पहिल्याच वर्षी थिएरी न्यूव्हिल रविवारी सकाळपर्यंत पुढे होता. सस्पेन्शन मोडलं आणि सेबास्टियन ओजिए जिंकला. जुनी सफारी पुसली गेली नाही याची ती पावती होती. रस्त्यानं आपला हिस्सा वसूल केलाच.

आता मुद्द्याचं. नव्या सफारीचं ठाणं नैवाशा तलावाच्या काठी आहे, नैरोबीपासून दीड-दोन तासांवर. स्टेजची नावं वाचा: केडाँग, लोल्डिया, सोयसांबू, ओसेरियन, हेल्स गेट. केडाँग हे कुरण, म्हणजे रँच. सोयसांबू हे डेलामेअर या जुन्या गोऱ्या जमीनदार घराण्याशी जोडलेलं खासगी अभयारण्य. ओसेरियनची ओळख गुलाबांच्या शेतीची. व्हॅलेंटाइनला युरोपात विकल्या जाणाऱ्या फुलांचा मोठा वाटा याच तलावाच्या काठावरून जातो. हेल्स गेट हे राष्ट्रीय उद्यान. म्हणजे बहुतेक स्टेज कुंपणाच्या आतले. तिथली माती बारीक, राखट, चाळलेल्या पिठासारखी. तिला फेश-फेश म्हणतात. वरून सपाट दिसते, चाक घातलं की गुडघाभर खाली जातं आणि गाडीमागे जी भिंत उभी राहते तिच्यातून मागच्याला पाच मिनिटं काही दिसत नाही. गाड्यांना हवेसाठी छतापर्यंत स्नॉर्कलची नळी लावतात, जणू त्या पाण्यात बुडणार आहेत. टीव्हीवर हे सारं अद्भुत दिसतं: पाठीमागे झोपलेल्या योद्ध्याच्या आकाराचा डोंगर, कडेला झेब्रे आणि मधून उडत जाणारी टोयोटा. मी स्वतः ते प्रक्षेपण चुकवत नाही.

पण ही जमीन कोणाची, हा प्रश्न त्या धुरळ्याखाली गाडला जातो. रिफ्ट खोऱ्यातला हा पट्टा मसाई गुराख्यांचा होता. १९०४ आणि १९११ च्या करारांनी, ज्यांना करार म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे, इंग्रजांनी त्यांना तिथून हलवलं आणि कुरणं गोऱ्या वसाहतवाल्यांना दिली. स्वातंत्र्यानंतर काही जमिनींचे मालक बदलले, कुंपणं बदलली नाहीत. केडाँगच्या जमिनीवरून मसाई लोकांचे दावे आजच्या काळातही कोर्टात लढले गेले आहेत. म्हणजे होतं काय, केनियाच्या करदात्याच्या पैशातून खासगी कुरणातले रस्ते तयार होतात, त्यावर चार दिवस युरोप-जपानच्या कंपन्यांच्या गाड्या धावतात, चित्रणाचे हक्क प्रमोटरकडे, म्हणजे मालिकेचा धंदा चालवणाऱ्या कंपनीकडे, आणि सोमवारी तो रस्ता पुन्हा फाटकाच्या आत. बाहेरच्या गावचा मरम रोड होता तिथेच.

आयोजकांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती फुसकी नाही. नैवाशातली हॉटेलं त्या आठवड्यात भरलेली असतात. नैरोबीची तरुण पोरं तंबू घेऊन येतात, रात्रभर गाणी चालतात, बोडाबोडावाल्यांना, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांना, दिवसरात्र भाडं मिळतं. देशाचं चित्र जगभर जातं. तेही दुष्काळाचं किंवा दंगलीचं नाही, तर कर्तबगारीचं. हे शेवटचं मी हसण्यावारी नेणार नाही. आफ्रिकेतल्या देशाला जगाच्या टीव्हीवर चांगल्या कारणासाठी चार दिवस मिळणं ही किमती गोष्ट आहे. फक्त, या फायद्याचे आकडे नेहमी फायदा सांगणाऱ्यांकडूनच येतात. लग्नाचा हिशोब मंडपवाल्याला विचारला तर लग्न स्वस्तातच झालेलं असतं.

आणि वेळ काय होती तेही बघा. २०२४ ची सफारी मार्चअखेर झाली. त्यानंतर तीन महिन्यांत सरकारनं अर्थविधेयक आणलं. त्यात पावावर १६ टक्के व्हॅट आणि गाडीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के कर असे प्रस्ताव होते. नैरोबीत पोरं रस्त्यावर उतरली. हे प्रस्ताव आधी मागे घेतले गेले, पण चीड शमली नाही. २५ जूनला लोक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटोंना अख्खं विधेयक सोडावं लागलं. या संतापाचं कारण रॅली होती असं कोणीही म्हणणार नाही, मीही नाही. पण जो देश सामान्य माणसाच्या खटाऱ्यावर कर बसवायचा विचार करतो, त्यानं शर्यतीच्या गाड्यांसाठी कुरणात रस्ते का करावेत, याचं उत्तर त्या पोरांना द्यावं लागतं. 'पर्यटन वाढेल' हे उत्तर तेव्हा पुरत नाही. 'तुझ्या गावचा बावीस किलोमीटर रस्ता झाला, जाऊन बघ' हे कदाचित पुरलं असतं.

हे स्वप्नरंजन नाही, कारण दुसरीकडे असं चालतं. फिनलंडची रॅली १९५१ पासून युवास्क्युलाच्या आसपास होते. औनिनपोह्यासारख्या जगप्रसिद्ध स्टेजवरून एरवी लाकडाचे ट्रक आणि शाळेची पोरं जातात. तिथले कितीतरी कच्चे रस्ते 'तिएकुंता'च्या ताब्यात असतात, म्हणजे त्या रस्त्यालगतच्या जमीनमालकांचं मंडळ. आपल्या पाणीवापर संस्थेसारखं समजा. रॅली न्यायची तर त्यांच्याशी बोलावं लागतं, रस्ता ठीक करून द्यावा लागतो. गावोगावचे क्लब श्रमदानानं मार्शल, म्हणजे रस्त्यावर बंदोबस्ताला माणसं, पुरवतात आणि त्याच निमित्तानं सॉसेज-कॉफीचं दुकान लावून क्लबची वर्गणी काढतात. ज्याचा रस्ता तोच यजमान, म्हणून फितीपाशी उभा राहणारा आणि फितीअलीकडे अडकलेला यांच्यात फार अंतर राहत नाही.

वेल्समध्ये गोष्ट आणखी रोकडी आहे. सरकारी जंगलातून रॅली न्यायची तर मैलामागे दुरुस्तीचा आकार भरावा लागतो. काही वर्षांपूर्वी तो वाढवायचं निघालं तेव्हा मोटर क्लबांनी आकांडतांडव केलं. मला त्या भांडणात बरं काय वाटलं, तर भांडण योग्य गोष्टीवर होतं: एक मैल मुरूम उखडल्याची किंमत किती. पुढे २०१९ नंतर ब्रिटनची ही वेल्समधली रॅली जागतिक मालिकेतून गेलीच, मुख्यतः सरकारी आधार आटल्यानं. कडक हिशोब मांडला की रॅली जाऊ शकते, हे मान्य करायलाच हवं. तिच्या जागी येणारे आता उभेच आहेत. २०२५ मध्ये पॅराग्वे आणि सौदी अरेबिया मालिकेत आले. मोठी थैली घेऊन येणारा देश प्रमोटरला केव्हाही प्रिय, हा धंदा आहे. केनियानं जास्त प्रश्न विचारले तर वाळवंटातलं दुसरं कोणी तयार असेलच. तरीही केनियाकडे जे आहे ते थैलीनं विकत मिळत नाही. या मालिकेला सफारी हवी आहे. सफारी या शब्दाला सत्तर वर्षांचं वजन आहे. घासाघीस करायला एवढं भांडवल पुरेसं आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप पैशाचा नाहीच. तो माणसांचा आहे. २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅलीत बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली, तीन जण मेले; त्याच वर्षी कॉर्सिकात चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो जळून गेले आणि ग्रुप बी नावाच्या अतिवेगवान गाड्यांचा काळ संपला. कुरणाच्या कुंपणाआड रॅली नेण्यामागे हा इतिहास आहे. वस्तीचा रस्ता म्हणजे पायवाटा, आडवाटा, फीत ओलांडून 'एवढंच पलीकडे जायचंय' म्हणणारी म्हातारी. मला या आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येत नाही. एवढंच म्हणतो, वस्तीचा रस्ता सुरक्षित करणं महाग आहे, अशक्य नाही. फिनलंडमध्ये, एस्टोनियात ते दरसाल होतं. त्याला दर पायवाटेवर त्याच गावचा माणूस लागतो, जो म्हातारीला नावानं ओळखतो. शहरातून आणलेला शिट्टीवाला पुरत नाही. तो माणूस पगारी असावा, आठवडाभर आधीपासून असावा, आणि जिथे अशी माणसं मिळत नाहीत किंवा घरं फार दाट आहेत तिथे स्टेज होऊच नये. सगळी रॅली गावांतून न्या असं मी म्हणत नाहीच. हेल्स गेट राहू दे, ते दृश्य घालवणं करंटेपणाचं होईल. पण काही स्टेज तरी अशा रस्त्यावर हवेत ज्याच्या टोकाला दवाखाना किंवा दूध संकलन केंद्र आहे.

आणि कुरणातल्या स्टेजचं भाडं उलटं फिरवायला हवं. आतापर्यंत मोठा खर्च सरकारनं केला, मालकाला रस्ता मिळाला. जो जमीनमालक फाटक उघडतो त्याला त्याचा मोबदला द्या, हरकत नाही, पण सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाची किंमत त्यातून वजा करा. प्रत्येक उखडलेल्या किलोमीटरमागे ठरलेली रक्कम गाड्या सुटण्याआधी जमा व्हावी, आणि ती नैरोबीत नाही तर ज्या काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, रस्ता तिच्याकडे. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. झाल्यावर पैसे मागायला गेलेल्या माणसाला काय उत्तरं मिळतात हे आपल्याकडच्या कोणत्याही सरपंचाला विचारा.

हे लिहिताना मला जाणवतंय की मी साडेचार हजार किलोमीटरवरच्या देशाला सल्ले देतोय आणि आपल्याकडे रॅली हा कोणाच्या अजेंड्यावरचा विषयच नाही. ऐंशीच्या दशकात हिमालयन रॅलीचा गाजावाजा होता. अलीकडे पुण्याचे संजय टकले डाकार या वाळवंटातल्या रॅलीच्या क्लासिक, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, गटात उतरले तेव्हा बातमी आतल्या पानावर आली. पण उद्या एखाद्या राज्याला जागतिक फेरीची स्वप्नं पडली, आणि पडतीलच, तर सादरीकरणात सह्याद्रीचं ड्रोन चित्रण असेल, पर्यटनाचे आकडे असतील. किलोमीटरमागे मुरमाचा दर असलेलं पान त्यात असेल का, हे मी आधी उलटून बघेन.

नाशिकच्या त्या सकाळी अकराला फीत सुटली नाही. एक गाडी आत उलटली होती, ती काढेपर्यंत साडेबारा झाले. दूधवाल्या काकांनी दोन्ही कॅनवर ओलं पोतं टाकलं होतं. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी गाडी सुरू केली, पहिल्याच वळणावर चाकोरीत चाक अडकलं. मी आणि शिट्टीवाल्यानं मागून धक्का दिला. झाकणातून थोडं दूध सांडलं, त्या पांढऱ्या रेघेवर लगेच धूळ बसली आणि काका हात हलवून पुढे गेले.